इंग्रजी व्याकरणाचं सराव ॲप: काही महिने रोज वापरल्यानंतर

एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेसाठी आणि जोडीला एसएससी सीजीएलसाठी (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची पदवीधरांची परीक्षा) मी इंग्रजी व्याकरणाचं एक सराव ॲप वापरतेय. नाव देत नाही, कारण बाजारातली बरीच ॲप्स याच साच्यातली आहेत.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो वेळेच्या नोंदीचा. मुख्यच्या भाषेच्या पेपरात 100 प्रश्नांना 60 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. उताऱ्याला लागणारा वेळ व्याकरणातूनच काढावा लागतो. ॲप प्रत्येक प्रश्नाचे सेकंद दाखवतं. माझी आर्टिकल्स, प्रिपोझिशन्स झटपट सुटतात. वेळ खातं ते स्पॉटिंग एरर, म्हणजे वाक्यातला चुकीचा भाग ओळखणं, आणि त्यातही 'नो एरर' हा पर्याय असला की हमखास. म्हणून आता मी आधी क्रियापद आणि त्याचा कर्ता जुळतो का ते बघते, बाकीचं नंतर.

स्पष्टीकरणं मात्र फार उथळ आहेत. 'द पोएट अँड फिलॉसॉफर हॅज अराइव्हड' हे वाक्य बरोबर, आणि 'द पोएट अँड द फिलॉसॉफर हॅव अराइव्हड' हेही बरोबर. फरक दुसऱ्या 'द'मुळे पडतो: पहिल्या वाक्यात एकच माणूस आहे, दुसऱ्यात दोन. ॲप इथे 'सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट' एवढंच लिहून मोकळं होतं. तेच 'वन ऑफ'चं. 'वन ऑफ द बॉइज हॅज कम' मध्ये क्रियापद एकवचनी, पण 'वन ऑफ द बॉइज हू हॅव कम' मध्ये 'हू' हे 'बॉइज'कडे जातं, म्हणून अनेकवचनी. नियमाचं नाव पाठ असून इथे भागत नाही, कोणता शब्द कोणाला बांधलाय ते दिसावं लागतं. असे प्रश्न मी वहीत उतरवते आणि खाली कारण माझ्या शब्दांत, मराठीत लिहिते. 'हार्डली'बरोबर 'व्हेन', 'नो सूनर'बरोबर 'दॅन', 'सिनियर'बरोबर 'टू' या जोड्या तशाच पाठ केल्या, त्यांना कारण शोधत बसायची गरज नाही.

दुसरी तक्रार गंभीर आहे. एमपीएससी आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती आल्या की अंतिम तालिका येते. त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. ॲपमधल्या जुन्या पेपरांत काही ठिकाणी पहिलीच उत्तरं तशीच ठेवली आहेत. नवीन विद्यार्थी ती खरी मानून चुकीचा नियम डोक्यात पक्का करेल. कळवलं, उत्तर आलं नाही. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावरच्या अंतिम तालिकेशी ताडूनच सोडवा.

निगेटिव्ह मार्किंगही सगळीकडे एकच धरलंय. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी 25% कापतात. सीजीएलच्या टियर 1 मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, 2 गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण जातो, टियर 2 च्या इंग्रजीत 3 गुणांमागे 1, म्हणजे थेट एक तृतीयांश. अंदाजाने कुठे उत्तर द्यायचं आणि कुठे सोडायचं, हे यावर ठरतं. त्यामुळे ॲपचा एकूण स्कोअर मी बघतच नाही, बरोबर-चूक मोजून गुण स्वतः काढते.

व्याकरणाचा पाया अजून कच्चा असेल तर हे ॲप एवढ्यात घेऊ नका. ज्यांचं एक वाचन झालंय त्यांना वेगासाठी चांगलं आहे. मी मुख्यपर्यंत चालू ठेवणार आहे.