हळदीला चुना लावला, आणि मलाही

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मिरजेला चुलतभावाचं लग्न होतं. सकाळी त्याला हळद लागली आणि उष्टी हळद नवरीकडे सांगलीला पोचवायचं काम माझ्या गाडीकडे आलं, कारण मांडवापुढच्या गर्दीत न अडकलेली तेवढी एकच गाडी होती. मागच्या सीटवर दोन करवल्या, त्यांच्यामध्ये ओटीचं सामान, आणि धाकटीच्या मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात तेलात कालवलेली सांगलीचीच राजापुरी हळद. मिरज ते सांगली अंतर ते किती, दहा किलोमीटर. विश्रामबागच्या अलीकडे एक गतिरोधक मला दिसला नाही. डब्याचं झाकण उडालं. नवरीला लावण्यापुरती हळद उरली, बाकीची माझ्या बदामी रंगाच्या कापडी सीटला लागली.

ताटाएवढा डाग, आणि त्यातून खाली ओघळलेले तीन पट्टे. त्या धावपळीत कुणीतरी ओल्या नॅपकिनने पुसून तो आणखी पसरवला. लग्न पार पडलं, पुण्याला परतलो. बायको म्हणाली, "राहू दे, शुभ असतं." पण गाडी २०२० ची, अजून तीन वर्षं वापरून विकायची होती. बदामी सीटवर तेवढं शुभ मला परवडणारं नव्हतं.

त्याच रात्री फोनवर जाहिरात दिसली. 'घरपोच कार इंटिरियर ड्रायक्लीनिंग, पाच सीटर फक्त ८९९, डाग गेला नाही तर पैसे परत.' खाली दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात चहाने बरबटलेली सीट, नंतरच्यात नवी कोरी. आता ते फोटो पुन्हा बघतो तेव्हा दिसतं की एका सीटची शिलाई उभी आहे आणि दुसरीची आडवी. तेव्हा मी फक्त ८९९ बघत होतो. २९९ आगाऊ भरले आणि रविवार सकाळची वेळ घेतली.

दोन मुलं आली. एक बोलणारा, एक काम करणारा. बोलणारा विशीतला, टापटीप, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, प्रत्येक वाक्याला 'सर'. सुरुवात त्यांनी डागापासून केलीच नाही. आधी ड्रायव्हरच्या सीटवर फेस मारला, मशीनने ओढला आणि मशीनची पारदर्शक टाकी माझ्यासमोर धरली. आत काळंकुट्ट पाणी. "बघा सर, यावर तुम्ही रोज बसता." मला खरोखर लाज वाटली. नंतर आमच्या वॉचमननी सांगितलं की ती टाकी टेम्पोतून उतरवतानाच काळी होती. त्यांनी पोरांना विचारलंही होतं, "पाणी बदलायला नळ दाखवू का?" पोरं नको म्हणाली.

मग हळदीची पाळी. त्याने एका बिनलेबलच्या बाटलीतून डागावर काहीतरी फवारलं, आणि दहा सेकंदांत माझ्या डोळ्यांदेखत तो पिवळा डाग लालभडक झाला. लाल म्हणजे कुंकवासारखा लाल. ओघळलेले पट्टेसुद्धा. सीटवर कुणाचा तरी खून झाल्यासारखं दिसत होतं.

बोलणाऱ्याने कपाळाला हात लावला. "सर, आधी याच्यावर काही लावलं होतं का?"

मी म्हटलं, ओलं फडकं.

"तेच झालं. डाग फोममध्ये उतरलाय आणि रिअ‍ॅक्शन झालीय. आता हे असंच सोडलं तर कायमचं लाल राहणार. कंपनीत गेलात तर पूर्ण सीट बदलायला सांगतील, अठरा-वीस हजार." मग आवाज खाली आणून, "आमच्याकडे इम्पोर्टेड एन्झाइम आहे. मी सरांना फोन करून विचारतो, तुमच्यासाठी काही कमी होतंय का."

फोन झाला. कमी झालं. मागच्या सीटचे दोन भाग धरले, प्रत्येकी १,२००. त्यावर 'अँटी-बॅक्टेरियल कोटिंग' १,५००, कारण ते नाही केलं तर एन्झाइम टिकत नाही म्हणे. मी हो म्हटलं. तो लाल रंग समोर असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या बाटलीचा फवारा बसला तसा लाल रंग उतरू लागला. लालाचा केशरी, केशरीचा पिवळा. गाडीभर लिंबासारखा वास. "बघा सर, अर्धा तर गेलाच." मीही बघत होतो आणि मलाही तो अर्धा गेलेला दिसत होता. खरं तर डाग जिथे होता तिथेच होता, जेवढा होता तेवढाच. मघाशी पिवळा होता, आत्ताही पिवळाच होता. मधल्या वेळात माझ्या खिशातून २,४०० गेले होते.

हे मला दुसऱ्या दिवशी काकूने फोनवर समजावलं, मिरजेहून, भांडी घासता घासता. "अरे, हळदीला साबण लागला की ती लाल होणारच. माझं हळदीचं लुगडं धुताना दर वेळी होतं. खळखळून पाणी घातलं की परत पिवळं. कुंकू कसं करतात माहीत नाही का तुला? हळदीला चुनाच तर लावतात."

माहीत होतं. शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल केला होता, मार्कही मिळवले होते. हळदीतल्या रंगद्रव्याला करक्युमिन म्हणतात, ते क्षारात लाल होतं आणि आम्लात परत पिवळं. पोराच्या पहिल्या बाटलीत कुठलं तरी क्षारयुक्त क्लीनर होतं, दुसरीत आम्ल, वासावरून लिंबाचं सत्त्व असावं. एन्झाइमचा तर इथे संबंधच नव्हता. एन्झाइम दूध, रक्त, भाताची पेज, तूप असल्या डागांवर चालतं, कारण ते प्रथिनं, स्टार्च, चरबी तोडतं. हळदीच्या रंगाला ते काही करत नाही. आणि मी त्या पोरासमोर मान डोलावत उभा होतो.

बिलाकडे वळतो. ८९९, २,४०० आणि १,५०० मिळून ४,७९९. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ५,६६३, त्यातले २९९ वजा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं तर "कंपनीचं अकाउंट मेंटेनन्सला आहे सर, हे आमच्या मॅनेजरचं." मी पैसे पाठवले. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, जीएसटी क्रमांकासकट, त्यामुळे बरंही वाटलं. तो क्रमांक २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर पहिले दोन आकडे २७ असतात, २९ म्हणजे कर्नाटक. हे मला माहीत होतं असं नाही, ऑफिसातल्या अकाउंटंटने एका नजरेत सांगितलं. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुठलाही क्रमांक टाकून बघता येतो, लॉगिनही लागत नाही. तिथे तो क्रमांक एका कापड दुकानाचा निघाला, नोंदणी रद्द झालेली. म्हणजे ८६४ रुपये कर म्हणून दिले ते सरकारकडे गेलेच नाहीत. पैसे देण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागली असती.

जाताना पोरांनी मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं. "सर, कोटिंग सेट व्हायला ४८ तास. तोवर प्लास्टिक काढायचं नाही, काचा उघडायच्या नाहीत, नाहीतर वॉरंटी जाईल." आणि बिलाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: तक्रार काम झाल्यापासून २४ तासांच्या आत नोंदवावी. या एका ओळीसाठी मात्र मी त्या अज्ञात मॅनेजरला दाद देतो.

मी शहाण्यासारखे ४८ तास थांबलो. पुण्यातला मे महिना, गाडी उन्हात, काचा बंद. मंगळवारी दार उघडलं तर ओल्या गोणपाटात दूध नासल्यासारखा वास अंगावर आला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब साचलेले. डाग मध्ये पिवळा, कडेला तांबूस, आणि त्याच्या बाहेर पाण्याचा मोठा वळ, म्हणजे आधी ताट होतं आता परात झाली होती. त्यात आणखी एक गंमत. गाडी सुरू केली तर शेजारची रिकामी सीट बेल्ट लावा म्हणून बोंबलायला लागली. त्या सीटमध्ये माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो आणि पोरांनी ती सीटही फेसाने न्हाऊ घातली होती. ऑफिसपर्यंत मी रिकाम्या सीटला बेल्ट लावून गेलो.

जाहिरातीतला नंबर बंद. ज्या नंबरावरून बिल आलं होतं त्यावर दोन निळ्या टिका आल्या, मग फोटोही दिसेनासा झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पण समोरच्याचा पत्ता विचारला तेव्हा माझ्याकडे काय होतं? बिलावर एका रस्त्याचं नाव आणि 'पुणे'. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, अर्ज घरबसल्या करता येतो, पण नोटीस पाठवायला कुणाचं तरी दार लागतं. ते दारच नव्हतं.

शेवटी नाना पेठेतल्या एका कुशनवाल्याकडे गेलो, सीट कव्हरं शिवणारे वयस्कर चाचा. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या सीटची बैठक पुढच्या कडेला धरून वर झटका दिला, दोन क्लिपा सुटल्या, अख्खी बैठक हातात. खालून फोम दाबला तर त्यांच्या बोटांमधून पाणी गळलं. तीन दिवसांनी! फोमच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके धरायला लागले होते. "ड्रायक्लीन बोला था ना?" एवढंच म्हणाले. पुढच्या सीटला मात्र त्यांनी हात लावला नाही. खाली वाकून पिवळी वायर दाखवली, "ये एअरबॅग का है. इसको कोई खोलने बोले तो भगा देना." त्या सीटा दारं सताड उघडी ठेवून पंख्यासमोर वाळवायला सांगितल्या. चौथ्या दिवशी रिकामी सीट गप्प झाली.

डागाचं काम मी घरीच केलं, काकूच्या सांगण्यावरून, कव्हर काढून. हळद तेलातली, म्हणून आधी तेल काढायचं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पांढरं फडकं, कडेकडून मध्याकडे नुसतं टिपत जायचं, घासायचं नाही. डाग थोडा लाल झाला. या वेळी मी घाबरलो नाही. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, परत पिवळा. फडक्याला दर वेळी पिवळं लागत होतं, खरं कमी होणं ते हे. हायड्रोजन पेरॉक्साइड कुणीतरी सुचवलं होतं. कव्हरच्या आतल्या मुडपीवर थेंब टाकून बघितला तर बदामी रंगच फिका पडला, म्हणून सोडून दिलं. तुम्हीही जे काही वापराल ते आधी असंच दडलेल्या जागी लावून बघा.

आणि मग ऊन. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून तर हळद लागलेली लुगडी उन्हातच वाळत घालतात. गाडीच्या काचेआडून ते नीट होत नाही, काच उन्हाची धार अडवते. सोसायटीच्या गच्चीवर कव्हर आणि फोम वेगवेगळे टाकले. दर संध्याकाळी उचलून आणायचे, दर सकाळी नेऊन टाकायचे, आणि शेजारच्या आजींना दर वेळी सांगायचं की नाही, गादी नाही, गाडीची सीट आहे. पाचव्या दिवशी डाग शोधावा लागत होता. चाचांनी परत बसवून द्यायचे ६०० घेतले, पावती हाताने लिहून दिली, दुकानाचा पत्ता त्यावर छापलेला.

वळ राहिलाय, तिरकं ऊन आलं की दिसतो. फोमचा वास पावसाळ्यात परत येईल का याची थोडी धास्ती आहे.

जूनमध्ये बायकोने तिच्या फोनवर एक जाहिरात दाखवली. कंपनीचं नाव वेगळं, ऑफर ९९९ ची. खाली दोन फोटो. आधीच्यात लालभडक डागाची बदामी सीट, आणि दाराच्या काचेवर आमच्या मुलीने चिकटवलेला डायनासोर.