पिंपळगाव ते न्हावा शेवा: रीफर ट्रेलर सेवेचा अनुभव

पिंपळगाव बसवंतला आमचं छोटं पॅकहाऊस आहे. यंदाच्या सीझनला द्राक्षाचे सगळे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, नाशिकच्या एकाच वाहतूकदाराकडून न्हावा शेवा बंदराला पाठवले. नाव देत नाही, सीझनला गाडी मिळवायला आधीच मारामार असते!

सेवा चोख. कंटेनर आधीच थंड करून आणतात, वाटेत वीज देणाऱ्या जेनसेटची (जनरेटरची) टाकी भरलेली असते, सीलचा फोटो न मागता येतो. रात्री-अपरात्री फोन केला तरी मालक उचलतात. भाडं जरा चढं आहे, पण मी घासाघीस सोडून दिली.

अडतं ते रस्त्यावर. समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि कसारा घाटाची धास्ती गेली. मात्र आमण्याला उतरलं की भिवंडी, शिळफाटा, कळंबोली आहेच. गेट-इनचा कटऑफ, म्हणजे कंटेनर बंदराच्या गेटातून आत नेण्याची शेवटची वेळ, हुकला की जहाज निघून जातं. पुढच्या जहाजापर्यंत कंटेनर बंदरात प्लगवर (विजेला जोडून) ठेवा, त्याचे पैसे भरा, आणि आत माल म्हातारा होतोय.

मग रेल्वे का नाही? रूळ तर खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड असे आमच्या उशालाच आहेत. पहिली किसान रेलसुद्धा ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहूनच दानापूरला सुटली. पण बंदराचं गणित वेगळं. 45 वॅगनचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायला चाळीस फुटी 45 कंटेनर लागतात. एका दिवसात एकटी द्राक्षं ते कुठून भरणार? कांदा आणि नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतला कारखान्यांचा माल सोबत हवा. शिवाय वाटेत रीफरला वीज, दोनशे किलोमीटरसाठी दोनदा चढउतार, आणि कसारा–कल्याणला लोकलच्या गर्दीतून वाट.

म्हणून नाशिक ते बंदर अशा रेल्वेजोडणीचा कुणी प्रादेशिक अभ्यास करणार असेल तर माझा पाठिंबा. फक्त टन मोजून थांबू नका. पॅकहाऊसच्या दारातून बंदराच्या गेटपर्यंत किती तास, आणि ते रोज तेवढेच का, हे काढा. 309 किलोमीटरचा मनमाड–इंदूर मार्ग 2024 मध्ये मंजूर झालाय; तिकडून येणारा माल घाटाच्या तोंडाशी तुंबला तर आमच्या रेकला कोण विचारणार, तेही बघा. निफाडच्या ड्रायपोर्टची (समुद्रापासून लांब, कंटेनर रेल्वेवर चढवायच्या तळाची) नुसती चर्चा पुष्कळ ऐकली. आमच्या डेटा लॉगरचे (कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचे) आकडे हवे तर खुशाल घेऊन जा.

ट्रेलरवाल्यांना पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बिलं उशिरा देतात म्हणून. महिनाअखेरीला आमचा अकाउंटंट माझ्या नावानं खडे फोडतो.