पोस्टग्रेस डेटाबेसमधलं तारखांचं गणित, सोसायटी बिलिंगवाल्यांसाठी रिव्ह्यू

आमचं काम हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं, क्लायंट बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत, त्यामुळे क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) दिवसभर हेच चालतं की ड्यू डेट काढा, थकबाकी किती दिवसांची ते बघा, पुढचं बिल कधीचं ते ठरवा. ह्या कामाला मला पोस्टग्रेसच आवडतो.

तारखेत सरळ ७ मिळवा, ७ दिवसांनंतरची तारीख येते. तारखेतून तारीख वजा करा, दिवस मिळतात, फंक्शन शोधत बसायला नको. मायएसक्यूएल ह्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असं थेट वजा केलं की आधी दोन्ही तारखांचे आकडे होतात (२०२४०३०१, २०२४०२०१ असे), मग १ मार्च वजा १ फेब्रुवारी म्हणजे चक्क १००, आणि एररसुद्धा येत नाही! तिथे डेटडिफ, डेट_सब ही फंक्शनंच वापरायची, ती मात्र नीट चालतात.

खरी परीक्षा महिन्यांची. पोस्टग्रेसमध्ये ३१ जानेवारी २०२४ ला '१ मंथ' चा इंटरव्हल (कालावधी) मिळवला की २९ फेब्रुवारी येतो, छान. पण त्या २९ ला अजून एक महिना मिळवला तर २९ मार्च येतो, ३१ नाही, आणि मग बिलाची तारीख कायमची सरकते. म्हणून मागच्या बिलावरून पुढचं कधीच काढू नका, मूळ तारखेलाच २ महिने मिळवा, बरोब्बर ३१ मार्च येतो. ३१ जानेवारीला हीच एका महिन्याची बेरीज एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस नेहमीच्या पद्धतीने २ मार्च देतो, त्यामुळे मोबाइल ॲपमध्ये तो असेल तर सर्व्हरशी तारखा जुळणार नाहीत. ओरॅकल डेटाबेसचं ॲड_मंथ्स फंक्शन महिनाअखेर दिली की महिनाअखेरच परत देतं, बिलिंगसाठी ही गोष्ट मला फार आवडते, पोस्टग्रेसमध्ये हवी होती.

शेवटच्या ३० दिवसांची बिलं काढताना वजाबाकी आजच्या तारखेतून करा, कॉलममध्ये बेरीज करू नका, नाहीतर कॉलमवरचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कामाला येत नाही आणि मोठ्या टेबलवर क्वेरी रखडते.

अजून एक, सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर मुंबईत रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्यासाठी कालचीच तारीख असते, तेव्हा रात्रीच्या बिलिंग जॉबला टाइमझोन एशिया/कोलकाता द्याच.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला कारण तारखेत इंटरव्हल मिळवला की उत्तर टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र) होतं, दरवेळी परत डेटमध्ये कास्ट करावं (बदलून घ्यावं) लागतं.