वॉल्थर पी१ : अकरा महिने, नऊशे गोळ्या

पिस्तूल घरी आलं त्याला अकरा महिने झाले. नऊशेच्या आसपास गोळ्या झाडून झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मी ओहायोत राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे, आणि जुनी जर्मन लष्करी पिस्तुलं जमवण्याचा नाद मला सहा वर्षांपासून आहे. याचं मूळ घरातच आहे. बाबा पिंपरीला टूलरूममध्ये होते. कुठलाही जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला तुकडा, हातात आला की मोजायच्या आधी ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. ती सवय मला लागली ती कायमची.

पी१ हे दुसऱ्या महायुद्धातल्या पी३८चं नंतरचं रूप. वॉल्थरचा मूळ कारखाना थुरिंजियातल्या त्सेला-मेलिसला होता. युद्धानंतर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि कंपनी पश्चिम जर्मनीत, उल्मला पुन्हा उभी राहिली. १९५७ साली पश्चिम जर्मनीच्या सैन्याने हेच पिस्तूल पुन्हा घेतलं, फक्त सांगाडा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा केला. १९६३मध्ये त्याचं नाव पी१ झालं. १९९०च्या दशकात सैन्यात पी८ हे नवं पिस्तूल आलं आणि जुनी पिस्तुलं हळूहळू सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या मालात, बाहेर पडली.

माझ्या पिस्तुलाच्या स्लाईडवर, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, ८/७८ असा महिना-वर्षाचा शिक्का आहे. ४८० डॉलर पडले. बाहेरून रंग उडालेला, कडा म्यानात घासून पांढऱ्या पडलेल्या; पण बॅरलमधून उजेडाकडे बघितलं तर आतले आटे नव्यासारखे स्वच्छ. कमरेला वर्षानुवर्षं लटकलेलं, झाडलेलं मात्र फार थोडं. सरप्लस घेताना मी हेच शोधतो. बाहेरच्या पॉलिशला भुलून पैसे मोजू नका, आधी बॅरल बघा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे सांगाड्यातली षटकोनी पिन. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला ठोके बसून तडे जायला लागले, म्हणून १९७०च्या दशकाच्या मध्यापासून त्यात आडवी पोलादी पिन घातली गेली. चापाच्या वर, थोडी पुढे, बाजूने बघितलं की तिचं सहा कोनांचं डोकं स्पष्ट दिसतं. नुसतं कपाटात ठेवायचं असेल तर पिन नसलेलं जुनंही चालेल. झाडायचं असेल तर पिन असलेलंच घ्या.

आणि झाडण्याआधी स्प्रिंगा बदला. हे मी ऐकून होतो, तरी पहिल्या दोनशे गोळ्या जुन्याच स्प्रिंगांवर झाडल्या. ती चूक होती. या पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंगा दोन असतात, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, बारीक. नव्या आल्यावर मी जुन्या-नव्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या जवळजवळ बोटाच्या एका पेराने आखूड होत्या. म्हणजे एवढे दिवस स्लाईड मागे जाऊन जास्त जोराने आपटत होती, आणि तो मार ॲल्युमिनियम सोसत होतं. बदलल्यावर हाताला फरक लगेच कळला.

खरा धडा त्याआधीच मिळाला होता. स्लाईडच्या वर मागच्या बाजूला पत्र्याचं एक छोटं झाकण असतं, ते नुसतं खटक्यावर बसतं. तिसऱ्याच दिवशी रेंजवर गोळी सुटली आणि झाकण माझ्या कपाळावरून मागे उडालं. आतली चिमुकली स्प्रिंगही गेली. शेजारच्या लेनवरच्या काकांनी गोळीबार थांबवायला सांगितलं आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. झाकण सापडलं, स्प्रिंग नाही. पी३८ आणि पी१ची ही जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली खोड आहे. झाकण सैल झालं की नवं घालायचं, जुनं वाकवून परत बसवायचं नाही. डोळ्यांवर रेंजचा चष्मा असल्याशिवाय तर याला हातच लावू नका.

आता यंत्राबद्दल, कारण मी हे घेतलं ते त्यासाठीच. बऱ्याच पिस्तुलांत बॅरल मागे येताना तिरकं होतं. इथे ते सरळ रेषेत मागे येतं. बॅरलखाली पोलादाचा एक ठोकळा असतो. तो थोडं अंतर मागे येऊन खाली बसतो आणि तेवढ्यात स्लाईड मोकळी होते. पिस्तूल रिकामं करून स्लाईड अगदी सावकाश ओढली तर तो खाली उतरताना बोटाला जाणवतो. बेरेटा ९२ची रचनाही हीच, आणि अमेरिकी सैन्याने १९८५मध्ये एम९ म्हणून घेतलं ते तेच पिस्तूल. दर दोनशे गोळ्यांनी मी हा ठोकळा काढतो आणि त्याच्या दोन्ही कानांना तडा गेलाय का ते भिंगातून बघतो.

झाडायला कसं आहे? पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, त्यामुळे ती माझी बहुतेक वेळा खाली जाते. दुसरीपासून घोडा आपोआप मागे राहतो, चाप हलका होतो आणि नेम बसतो. मॅगझीन आठ गोळ्यांचं. त्याचा खटका मुठीच्या तळाशी आहे, म्हणजे बदलायला दोन्ही हात लागतात. रिकाम्या पुंगळ्या डावीकडे उडतात. आमच्या रेंजवर त्या फळीवर आपटून परत माझ्याच मनगटावर पडतात, म्हणून मी पूर्ण बाहीचा शर्ट घालतो. १२४ ग्रेन वजनाच्या साध्या, गोल नाकाच्या गोळ्या एकदाही अडकल्या नाहीत. पोकळ टोकाच्या दोनदा अडकल्या. जास्त दाबाच्या, प्लस-पी लिहिलेल्या गोळ्या यात घालायच्याच नाहीत.

माझ्याकडे युद्धकाळातलं पी३८ही आहे, बी-वाय-एफ ४४ शिक्क्याचं. म्हणजे ओबर्नडॉर्फच्या माऊजर कारखान्यात १९४४ साली बनलेलं. तिथे वेठीला धरलेले हजारो कामगार राबत होते. त्याच्या स्लाईडवर कटरच्या खुणा तशाच राहिल्यात. अंगठा फिरवला की नखाला लागतात. हे फिनिशिंग कुणी, कुठल्या हालात केलं असेल, हा विचार दर वेळी येतो. ते पिस्तूल मी झाडत नाही. सगळ्या भागांवर एकच नंबर आहे, एखादा तुटला तर भरून येणार नाही, हे एक कारण. दुसरं मनातलं आहे. शिवाय जुन्या, झिजलेल्या पी३८मध्ये सेफ्टीने घोडा खाली सोडताना गोळी सुटल्याची उदाहरणं आहेत.

इथल्या मराठी मंडळींसाठी कायद्याचं थोडं. एच-वन व्हिसावर असाल तर, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडून, बंदूक बाळगायला मनाईच आहे. हौस म्हणून रेंजवर भाड्याने घेतलेलीही त्यात येते. पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. माझं पी३८ त्यावर थेट घरी आलं. १९७८चं पी१ मात्र तेवढं जुनं नव्हतं, ते दुकानदारामार्फत, बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून घेतलं. भारतात या दोन्ही पिस्तुलांची ९ मिलिमीटरची गोळी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या मापात मोडते, त्यामुळे कधी पुण्याला परतलो तर दोन्ही इथेच विकावी लागतील.

सध्या पंचवीस यार्डांवर माझ्या गोळ्या तीन इंच वर लागतायत. पुढची माशी, म्हणजे बॅरलच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, वेगवेगळ्या उंचीत मिळते. एक नंबर उंच मागवली आहे, शनिवारी बसवून बघतो.