सोलर वॉटर हीटरसाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह: नागपूरच्या घरात कितपत चालतो?

पाऊण इंची पितळी व्हॉल्व्ह, रेंज ३५ ते ६० अंश. आतली मेणाची कांडी गरम पाण्यानं फुगते, थंडीनं आकसते आणि गरम आणि थंड पाण्याचं प्रमाण बदलते. एवढंच यंत्र, पण काम चोख. व्हॅक्यूम ट्यूबच्या सोलरमधलं चटका देणारं पाणी नळाला ४२-४५ अंशांवर येतं.

घेताना आधी केव्ही आकडा पाहा, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती पाणी जाऊ शकतं ते. केव्ही १.६ म्हणजे १ बार दाबाला मिनिटाला साधारण २७ लिटर. पण गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा २ मीटरच उंच असेल, तर दाब ०.२ बार; मग जेमतेम १२ लिटर, पाइपातली घट वेगळीच. अर्धा इंची घेऊन पैसे वाचवू नका. थंड पाणी थेट मोटरच्या लाइनवरून आणि गरम टाकीवरून, अशी जोडणी तर नकोच.

थंड नळातून गरम पाणी येतंय? दोन्ही इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) नाही, किंवा तो अडकलाय. तापमान वरखाली होतंय? बोअरचे क्षार. जाळी साफ करा, कार्ट्रिज (मेणाच्या कांडीचा आतला भाग) तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, काही रबर फुगतात.

मे महिन्यात मात्र अपेक्षा ठेवू नका. टाकीतलं ‘थंड’ पाणीच ४० अंशांवर गेलं, की व्हॉल्व्ह ३८ देणार कुठून? लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर घ्याच.