गिटारची एकच तार तुटली: तेवढीच बदलायची की अख्खा सेट?

हे अकूस्टिक गिटारबद्दल आहे, नायलॉनच्या तारांचा हिशोब वेगळा. दोन्ही प्रकार मी बरीच वर्षं करत आलोय आणि दोन्हीकडे काहीतरी तथ्य आहेच.

आधी सुटी तार. हिचा मोठा फायदा म्हणजे बाकीच्या पाच तारा बसलेल्या असतात, नवी तेवढी दिवस-दोन दिवस ताणत राहते आणि उतरते, म्हणजे उद्या कुठे वाजवायचं असेल तर एकाच खुंटीकडे लक्ष ठेवायचं. तुटणारी तार बहुतेक वेळा पहिली ई किंवा दुसरी बी असते, आणि या दोन्ही नुसत्या पोलादी, वर ब्राँझचा वेढा नाही, त्यामुळे नव्या-जुन्यातला फरक फारसा टोचत नाही. फक्त जाडी तीच घ्या, ०.०१२ इंचाच्या सेटमध्ये ०.०१० ची पहिली टाकली तर ती बोटाखाली लिबलिबीत लागते.

खरी पंचाईत वेढ्याच्या तारांची. चौथी डी तुटली आणि तेवढीच बदलली की आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) वाजवताना ती एकटी ठणठणीत बोलते, बाकीच्या मंद, समूहगानात एकानेच आवाज लावावा तसं. हळू छेडूनही जात नाही, कारण प्रश्न आवाज मोठा-लहान असण्याचा नाही, जुन्या तारांच्या वेढ्यात घाम आणि मळ बसून वरचे सूर मेलेले असतात आणि नवीत ते सगळे जिवंत असतात. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं, पण ट्यूनिंगचं काय करणार? मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर बरोबर, आणि पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून, धरली की कुठेतरी खटकतंच. जुन्या तारा फ्रेटच्या जागी खालून चेपलेल्या असतात, मळाने वजनही सगळीकडे सारखं राहत नाही, मग वर गेल्यावर त्या नवीशी जुळत नाहीत. कान एकदा तिथे गेला की गाण्यात मन लागत नाही. माझं तरी लागत नाही, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

सेटचे तोटे आहेतच. वेळ जातो, पहिले एक-दोन दिवस सहाही तारा उतरत राहतात, आणि सुरुवातीची चकाकी काहींना कर्कश वाटते (मला आवडते). नेकवर, म्हणजे मानेवर, सगळ्या तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो म्हणून बरेच जण एकेक करून बदलतात, मीही शक्यतो तसंच करतो, पण फ्रेटबोर्ड पुसायचा असेल तर सगळ्या काढल्याने काही बिघडत नाही. ब्रिजमध्ये (खाली तारा अडकतात ती लाकडी पट्टी) तार अडकवणारी पिन दाबताना मात्र तार वर ओढून धरा म्हणजे तिचा गोळा आत ब्रिजला टेकतो, पिनच्या टोकावर राहिला तर ट्यून करताना पिनच उडते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात.

आणि तार दर वेळी एकाच जागी, समजा सॅडलवर (ब्रिजवरची तारा टेकतात ती बारीक पट्टी), तुटत असेल तर सुटी घ्या नाहीतर सेट, पुन्हा तुटणारच. तिथे धार आलेली असते, बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्या.

सेट नवाच असेल, किंवा कोटिंगवाला (तारांवर पातळ संरक्षक थर असलेला) असेल आणि बाकीच्या तारा अजून छान वाजत असतील, तर सुटी तार टाका, नवा सेट कशाला वाया घालवायचा. पण तारा काळपट पडल्यात, बोटांना खरखरीत लागतायत आणि त्यात एक तुटली, तर मी तरी सेटच घेईन, तुमचा कान माझ्यापेक्षा सोशिक असेल तर गोष्ट वेगळी. केसमध्ये एक सुटी ई आणि एक सुटी बी मात्र कायम असते, वाजवता वाजवता तुटली तर तेवढ्यापुरती ती लावतो आणि सेट घरी येऊन निवांत बदलतो.