नक्कल काढू देत नसेल, तर तो प्रोटोटाइप घेऊ नका

जुन्या आर्केड गेमचे बोर्ड जमवणाऱ्यांसाठी, आणि त्यातही ‘कधीच बाजारात न आलेला गेम’ हे शब्द ऐकले की ज्यांची झोप उडते त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशाच एका बनावट बोर्डापायी आम्हा तिघा मित्रांचे मिळून २,४०० डॉलर गेले. ते परत मिळतील असं वाटत नाही. पण हीच पद्धत वापरून कुणीतरी पुण्या-मुंबईतल्या मंडळींना गाठणार, याची मला खात्री आहे. नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळत वाढलेली आपली पिढी आता कमावती झाली आहे आणि बोर्ड मागवू लागली आहे. म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

मी कॅलिफोर्नियात मिलपिटसला राहतो. अटारी गेम्स याच गावात, सिकॅमोर ड्राइव्हवर होती. १९८४ मध्ये जुन्या अटारीची वाटणी झाली. घरगुती गेम आणि संगणकांचा धंदा एकीकडे गेला, आणि पार्लरच्या मशिनांचा विभाग अटारी गेम्स झाला. १९९६ मध्ये तो विल्यम्स-मिडवेकडे गेला आणि २००३ मध्ये इथलं काम कायमचं थांबलं. विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत इथूनच सुरू होत होती. त्याचा एक नातेवाईक म्हणे तिथे तंत्रज्ञ होता, तो वारला, आणि गॅरेज रिकामं करताना हा बोर्ड सापडला. १९९१ सालचा, फील्ड टेस्टनंतर रद्द झालेला गेम.

फील्ड टेस्ट हा प्रकार खराच होता. गेम तयार होत आला की एखाद-दुसरं मशीन खऱ्या पार्लरमध्ये नेऊन ठेवायचं आणि पेटीत किती नाणी पडतात ते बघायचं. गल्ला जमला नाही की गेम बंद. १९८२ चा ‘अका आर’ असाच गेला. ‘मार्बल मॅडनेस’ १९८४ मध्ये गाजला, पण त्याचा दुसरा भाग ‘मार्बल मॅन’ १९९१ च्या चाचणीत ‘स्ट्रीट फायटर टू’पुढे टिकला नाही आणि गुंडाळला गेला. त्याचा कोड लोकांसमोर यायला २०२२ साल उजाडलं. म्हणजे गॅरेजमधून एखादा हरवलेला गेम निघू शकतो, ही काही भाकडकथा नाही. आम्हाला सांगितलेल्या गोष्टीतला बराचसा भाग खरा होता. खोटा होता तो फक्त आमच्यासमोरचा बोर्ड.

त्याने बोर्डाचे फोटो पाठवले. सहा ईप्रॉम चिपा (गेमचा डेटा साठवणाऱ्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या), प्रत्येकीवर पिवळट कागदी लेबल, हाताने लिहिलेला आवृत्ती क्रमांक आणि तारीख. सोबत गेम चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आम्हाला काय हवंय ते आम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं: चिपांमधला डेटा उतरवायचा, मेमच्या, म्हणजे जुने आर्केड गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लोकांना द्यायचा, म्हणजे तो गेम कायमचा वाचेल. १९९७ पासून मेम हेच काम करत आलं आहे.

त्यावर त्याने दोन अटी घातल्या. पैसे पूर्ण मिळेपर्यंत कुणी चिप वाचायची नाही, कारण नक्कल बाहेर पडली की बोर्डाची किंमत मातीमोल होते. आणि लेबलं हलवायची नाहीत, कारण लेबलाखालच्या काचेच्या खिडकीतून उजेड गेला की चिप पुसली जाते.

या दोन अटींमुळेच त्याचं सगळं निभावलं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा थांबून बोलतो.

पहिली अट या छंदात नवी नाही. काही संग्राहक खरंच वर्षानुवर्षं नक्कल काढू देत नाहीत. ‘अका आर’ची तीनच कॅबिनेट ठाऊक होती आणि त्यांचा डेटा बाहेर आला नव्हता. २०१९ मध्ये तो अचानक आला, तेव्हा मालकाला न विचारता कुणीतरी चिपा वाचल्याचा आरोप झाला होता. आमच्या विक्रेत्याने हेच उदाहरण पुढे केलं. “तसं माझ्या बाबतीत व्हायला नको,” म्हणाला. ऐकणाऱ्याला हे रास्त वाटतं. पण चिप वाचणं आणि डेटा वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणाऱ्याने स्वतःच्या टेबलावर, व्हिडिओ कॉलवर, शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या रीडरमध्ये एक-एक चिप लावायची आणि पडद्यावर येणारा चेकसम, म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा, दाखवायचा. त्या आकड्यावरून गेम कुणालाही परत मिळवता येत नाही, पण तोच डेटा मेमच्या यादीत आधीपासून आहे का, हे लगेच कळतं. याला जो नाही म्हणतो, त्याला जपायची असते ती स्वतःची थाप.

दुसरी अट अर्धसत्य आहे. ईप्रॉम अतिनील प्रकाशाने पुसली जाते, ती बनवलेलीच तशी आहे. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमन यांनी ती शोधली तेव्हापासून तिला ही खिडकी आहे. पण इंटेलच्याच माहितीपत्रकात २७१६ या चिपबद्दल लिहिलंय की थेट उन्हात पुसायला साधारण एक आठवडा लागतो आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षं. लेबल मिनिटभर उचलून खालचे आकडे वाचले तर काहीही होत नाही.

आणि ते आकडे वाचू द्यायचे नव्हते म्हणूनच ती अट होती. बोर्ड हातात आल्यावर मी ड्रायरची गरम हवा देऊन पहिलं लेबल हळूच उचललं. खाली चिपवर छापलेलं होतं ९७२२, म्हणजे १९९७ सालचा बाविसावा आठवडा. लेबलावर तारीख होती ऑक्टोबर १९९१. जी चिप १९९७ च्या उन्हाळ्यात कारखान्यातून बाहेर पडली, तिच्यावर १९९१ मध्ये कुणी काही लिहिलेलं असू शकत नाही. नंतर काढलेली प्रत म्हणून विकली असती तर हे चाललं असतं. त्याने तर ‘अटारीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या मूळ चिपा’ म्हणून पैसे घेतले होते.

मग सगळ्याच चिपा वाचल्या. प्रोग्रॅमच्या दोन चिपांमध्ये पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ. पुसलेल्या चिपेत हेच दिसतं, म्हणजे त्या कोऱ्या. उरलेल्या चार चित्रांच्या होत्या. त्यांचा डेटा टाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला, रंग नव्हते, करड्या छटांमध्ये चौकोन भरत गेले, आणि ओळीने दिसू लागल्या माहजाँगच्या सोंगट्या. बांबूच्या काड्या, वर्तुळं, चिनी अक्षरं. माझा मित्र शेजारी बसला होता, तो काही न बोलता उठून बाहेर गेला. चारही चेकसम मेममधल्या एका साध्या जपानी माहजाँग गेमशी तंतोतंत जुळले. तसे बोर्ड अगदी स्वस्तात मिळतात. बोर्डावरचं मूळ कंपनीचं नाव एका ‘मालमत्ता’ स्टिकरखाली झाकलेलं होतं. व्हिडिओतला गेम या बोर्डावर चालणं शक्यच नव्हतं.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर तयार होतं. विमानतळाच्या एक्स-रेमुळे डेटा गेला असेल, किंवा चिपा म्हाताऱ्या झाल्यात. दोन्ही खोटं. सामान तपासणीच्या एक्स-रेने ईप्रॉम पुसली जात नाही. आणि वयाने चिप जाते तेव्हा ती अशी स्वच्छ कोरी होत नाही. इथे-तिथे एखादा बिट ढळतो, पुन्हा वाचलं की वेगळं उत्तर येतं. अशा चिपेला थोडा कमी व्होल्टेज देऊन पुन्हापुन्हा वाचलं तर कित्येकदा सगळा डेटा हाती लागतो. खऱ्या प्रोटोटाइपवर हेच काम करायचं असतं, आणि आम्ही त्याचीच तयारी करून बसलो होतो.

त्यानंतर त्याने जे केलं त्यासाठी मात्र मी त्याला कधी माफ करणार नाही. आमच्यापैकी सर्वांत हळव्या मित्राला त्याने वेगळं गाठलं. “माझ्या ओळखीचा एक तज्ज्ञ आहे, चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली डेटा काढतो, ६०० डॉलर आगाऊ पाठवा.” फसवलेल्या माणसाला त्याच्याच आशेवर दुसऱ्यांदा फसवायचं. मित्राने आम्हाला विचारलं म्हणून ते पैसे वाचले. ईप्रॉममधला डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो. पुसलेल्या चिपेत तो भारच उरलेला नसतो, मग सूक्ष्मदर्शक लावून काय दिसणार?

पैसे त्याने पेपलच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ पर्यायाने मागवले होते, कमिशन वाचेल म्हणून. त्या मार्गाने गेलेल्या रकमेला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. असा आग्रह झाला की व्यवहार तिथेच थांबवा, गेम कितीही दुर्मिळ असो.

पैशांपेक्षाही मला वेगळीच गोष्ट लागली आहे. या भागात खरेखुरे जुने तंत्रज्ञ आहेत. त्यांच्या चिपांमधला भार वर्षागणिक ओसरतो आहे. अशा ठगांमुळे उद्या एखाद्या आजोबांनी खरी पेटी उघडून दाखवली, तरी लोक आधी हात मागे घेतील, आणि तोवर तो गेम गेलेला असेल. म्हणून संशय घेऊन दार लावून घेऊ नका, तपासा. अटारीचा गेम असल्याचं कुणी सांगितलं तर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयाकडे अटारीच्या नाणेवाल्या गेमच्या विभागाची कागदपत्रं आहेत, त्यांना त्या नावाबद्दल विचारता येतं. खऱ्या माणसाला अशा चौकशीचा राग येत नाही, उलट तो जुन्या आठवणी सांगत बसतो.

आम्ही इथे पोलिसांत आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट-गुन्ह्यांच्या तक्रारीच्या संकेतस्थळावर तक्रार केली आहे. भारतातून पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आणि कुणाकडे असा बोर्ड आधीच आला असेल, तर रागाच्या भरात लेबलं फाडून फेकू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबलं जपून उचला, चिपांवरचे आकडे टिपून घ्या, सहाही चिपा वाचून फाइली ठेवा. त्यात माहजाँगच्या त्याच सोंगट्या निघाल्या तर तुमच्या तक्रारीत त्या चिपांचे चेकसम जरूर जोडा, म्हणजे दोन्ही बोर्ड एकाच हातून आलेत हे तपास करणाऱ्याला दाखवता येईल.